उजव्या पंजाचा वाघ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की जिच्या काठी ती घडली त्या नदीने तेव्हापासून दोनदा वाट बदलली. रानाला लागून एक गाव होतं. गावामागच्या टेकडीवर, मोठाल्या खडकांच्या कपारीत, एक वाघीण राहत होती.

गावाने एकमताने ठरवलं होतं, की तिच्या टेकडीवर कुऱ्हाड न्यायची नाही आणि गुरं चारायची नाहीत. म्हणून वाघीण सुखात होती, आणि तिला बघायला दूरदूरच्या मुलखांतून पाहुणे यायचे. ती दिसली, किंवा निदान तिची ताजी पावलं दिसली, तर खूश होऊन गावासाठी काहीतरी ठेवून जायचे. त्यातून गावाला विहीर मिळाली, शाळेवर कौलं चढली, वैदूला औषधांची खोली झाली. वाघिणीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती बिचारी दुपारभर झोपायची.

पाहुण्यांना रानात न्यायचं काम एका वाटाड्याचं. वेशीवर वाघोबाचा दगड होता. वाटाड्या होणाऱ्याने गेरूत उजवा हात बुडवून त्या दगडावर उठवायचा आणि म्हणायचं, "जे हाय तेच दावीन." एवढीच शपथ. दगडावर त्याच्या आज्याचा हात होता, बापाचा होता, आणि त्याचाही होता.

या वाटाड्याच्या मनात एक काटा होता. त्याची बायको बाळंतपणात गेली, कारण सुईण नदीपलीकडे आणि नदीला पूर. लेक तेवढी वाचली. ती आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि दिवस भरत होते नेमके श्रावणात. लेकीला बघितलं, की वाटाड्याला पुराचा आवाज ऐकू यायचा.

"औंदा नदीवर साकव झालाच पायजे," तो गावच्या कारभाऱ्याला म्हणाला.

कारभाऱ्याला हेच हवं होतं. पाहुण्यांच्या पैशातून गवंडी आले. पण दगड कुठून आणायचे? जवळचे दगड होते वाघिणीच्या टेकडीवर.

"चार धोंडं उचलून आणलं तर वाघिणीचं काय जातंय?" कारभारी म्हणाला.

काय जातंय ते वाटाड्याला चांगलं माहीत होतं. तरी तो गप्प बसला. चाराचे चारशे झाले, कपार उघडी पडली, आणि एके दिवशी वाघीण रान सोडून निघून गेली. नदीत साकवाचे खांब कमरेइतके उभे राहिले होते. पाहुणे रिकाम्या हाताने परतू लागले आणि गवंड्यांनी थाप्या धुऊन ठेवल्या.

मग वाटाड्याने पांगाऱ्याचा ओंडका घेतला आणि वाघाचा पंजा कोरला. हुबेहूब कोरला हो! फक्त लाकडात एक गाठ होती, तिच्यामुळे तळव्याच्या मधोमध एक टेंगूळ राहिलं आणि ठशात तिथे खळगा पडायचा. आणि कोरला तो एकच, उजवा. डावा कोरायला वेळ कुणाला होता?

'पाव्हण्यांला डावं-उजवं काय कळतंय,' तो मनाशी म्हणाला.

खरंच नाही कळलं. रोज पहाटे तो पाणवठ्याच्या चिखलात ठसे उमटवायचा आणि दिवस वर आला, की पाहुण्यांना तेच दाखवायचा. पाहुणे गुडघे टेकून बघायचे आणि एकमेकांच्या कानात कुजबुजायचे. साकवाचं काम पुन्हा सुरू झालं.

एका सकाळी ठसे मोजताना वाटाड्या थबकला. त्याने सात उमटवले होते. चिखलात अकरा होते.

पुढचे चार गावाच्या दिशेने गेलेले होते. चारही उजवे, चारही ठशांच्या तळव्यात तोच खळगा. त्याने मान वर करून पाहिलं. वाघ फिरला, की वानरं ओरडून रान डोक्यावर घेतात. त्या दिवशी वानरं झाडांवर बसून त्याच्याकडे बघत होती आणि एकही ओरडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठसे विहिरीभोवती होते. तिसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर. चौथ्या दिवशी वैदूच्या खोलीत, बंद दाराच्या आत. गावकऱ्यांना आधी आनंद झाला. वाघीण परत आली, साक्षात दारात आली! पाहुण्यांची तर रीघ लागली. पण गावातली कुत्री भुंकत नव्हती आणि गोठ्यातली गुरं बुजत नव्हती. ज्याला कुत्रंही भुंकत नाही असा तो वाघ कसला, हे एकट्या वाटाड्याला कळत होतं.

त्याने लाकडी पंजा चुलीत घातला आणि राख होईपर्यंत समोरून हलला नाही. सकाळी चुलीतल्या त्या राखेवर एक ठसा होता. उजवा.

आता पाहुण्यांना दाखवायला त्याला काही करावं लागत नव्हतं. ठसे आपोआप उमटत होते आणि रोज थोडे पुढे सरकत होते. एके सकाळी लेकीने अंगण सारवलं, हात धुवायला ती मागे गेली आणि आली, तोवर ओल्या शेणावर कुंपणापासून उंबऱ्यापर्यंत पावलांची रांग लागली होती. उंबऱ्याशी शेवटचं. त्याची बोटं घराकडे.

लेक पोटावर हात ठेवून ते कितीतरी वेळ बघत राहिली.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "वाघाला एकच पाय असतो व्हय?"

लेकीसाठी म्हणून जे पाऊल वाटाड्याने रानात उमटवलं, ते आज लेकीच्याच दारात उभं होतं.

तो तसाच अनवाणी वेशीवर गेला. भर दुपारी त्याने गाव गोळा केलं, पाहुण्यांना बोलावलं, पलीकडून सुईणही आली. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं, खडकांपासून पांगाऱ्यापर्यंत.

"खोटं बोलतोय! ठसे आम्ही सगळ्यांनी बघितल्यात!" कारभारी ओरडला.

वाटाड्या दगडाकडे वळला. दगडावरचा आपला जुना हात त्याने घासून धुतला. गेरूत उजवा हात बुडवला, "जे हाय तेच दावीन," असं म्हणून दगडावर दाबला आणि उचलला.

दगडावर वाघाचा पंजा उमटला होता. तळव्याच्या मधोमध खळगा होता.

पाहुण्यांनी गाड्या जुंपल्या आणि ते निघून गेले. साकव अर्धवटच राहिला.

"आता पुरात तुज्या लेकीचं काय करणार हाईस?" कारभाऱ्याने चिडून विचारलं.

वाटाड्याला रडू कोसळलं. तेव्हा म्हातारी सुईण पुढे झाली.

"काय करणार म्हंजे? नदीला अजून पाणी न्हाई. मी आजपासनं तिच्याजवळ येऊन ऱ्हाते. तुज्या बायकोच्या वक्ती तू पूर आल्यावर काठावरनं हाका मारल्यास. आदी बोलावलं असतंस, तर तवाबी आले असते की!"

इतक्या वर्षांत हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या एका वाक्याने त्याच्या काळजाला जे घर पडलं, ते मरेपर्यंत बुजलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो साकवाचे दगड सुटे करून टेकडीवर नेऊ लागला. पहिले काही दिवस एकटाच होता. मग लोक लाजेने आले, कुरकुरत आले, पण आले. जसजशी कपार पुन्हा झाकली गेली, तसतसे ठसे मागे सरले, उंबऱ्यावरून अंगणात, अंगणातून वेशीबाहेर. श्रावणात नदी दुथडी भरली आणि त्याच आठवड्यात लेकीला मुलगी झाली. सुईण उशाशी होती.

नात चालायला लागली त्या वर्षी एका सकाळी वानरं जीव तोडून ओरडली. गावातली सगळी कुत्री भुंकू लागली. वाटाड्या पाणवठ्यावर धावला. चिखलात पावलं होती, डावी होती आणि उजवीही होती. तो तिथेच बसून लहान मुलासारखा हसला.

हळूहळू पाहुणे परत आले. साकवही झाला, नदीतल्याच गोट्यांचा, सहा वर्षं लागली. पण वाटाड्या पुन्हा कुणाला रानात घेऊन गेला नाही. ते काम पुढे गावातच राहिलेल्या लेकीने घेतलं. तिचा हात त्या दगडावर उमटला तो माणसाचाच. शेजारचा पंजा मात्र कितीही पाऊस पडला तरी गेला नाही, आणि नवीन वाटाड्याला आजही आधी तोच दाखवतात.

तर लहानथोरहो, दुसऱ्यांना फसवायला उमटवलेलं खोटं पाऊल चालत चालत शेवटी आपल्याच उंबऱ्याशी येतं.