घंगाळातलं पाणी

“पण पोर पाण्यात तर बुडालं नाही ना, वस्ताद? मग माझा दोष कुठं?”

हिंदुराव वस्ताद विहिरीच्या खालच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, आणि त्यांच्या दोन तळव्यांवर नातवाची मुलगी उताणी पडून आभाळाकडं बघत होती. ईश्वरी तिचं नाव. अजून धड बसताही येत नव्हतं, पण पाय असे मारत होती की विहीर हिच्याच बापानं खणली असावी.

अभिनंदन वरच्या पायरीवर उभा होता. बूट काढायचं त्याला सुचलं नव्हतं.

कोल्हापुरात त्याच्या नावाचा बोलबाला होता. याच विहिरीत पाठीला भोपळा बांधून तो पोहायला शिकला. पुढं राज्याची पदकं आणली. आता तालमीची पोहण्याची टाकी चालवायला घेतली होती आणि तिथं तान्ह्या पोरांना पाण्याची ओळख करून द्यायचा. त्याच्या टी-शर्टवर पाठीमागं त्याचंच नाव छापलेलं होतं.

“काय झालं त्ये नीट सांग,” वस्ताद म्हणाले.

“तुम्हाला कळलंय की सगळं.”

“लोकांच्या तोंडनं कळलंय. तुझ्या तोंडनं ऐकू दे.”

अभिनंदननं नाइलाजानं सांगायला सुरुवात केली.

“सुबराव पोवारांची नात. धडा झाला. झकास झाला. रडली नाही, घाबरली नाही, पाठीवर तरंगलीसुद्धा. मी स्वतः तिला काठावर आईच्या हातात दिली. माझं काम तिथं संपलं.”

“मग?”

“टाकीच्या पाण्यात औषध असतं. ते अंगावरनं धुवून काढावं लागतं. आई तिला न्हाणीघरात घेऊन गेली, टबात बसवली, धुतली. टॉवेल राहिला बाहेर बाकावर. तो आणायला बाई पोराला टबात एकटं सोडून निघाली. तेवढ्यात पोरीनं नळाचा दांडा ओढला... गिझरचं पाणी होतं.”

त्यानं पाण्यातल्या ईश्वरीकडं बघितलं.

“दोन्ही पाय पोळले,” तो म्हणाला.

वस्तादांच्या तळव्यांवर ईश्वरी पाय मारत होती.

“आई काय म्हणती?”

“काय म्हणणार? म्हणते, मी हाका मारत होते. टॉवेल द्या, टॉवेल द्या म्हणून. पोरगी काकडायला लागली, कुणीच येईना, म्हणून गेले. आता असं काहीतरी म्हणावंच लागतं, वस्ताद. नाचता येईना अंगण वाकडं.”

“पोर कुठं हाय आता?”

“दवाखान्यातनं घरी आणलंय. आजीजवळ आहे.”

“आजीजवळ...? आन् आई?”

“स्नेहलला माहेरी धाडलंय. सुबराव म्हणाले, जिला पोर सांभाळता येत नाही तिनं माझा उंबरा चढायचा नाही. रोज दारापर्यंत येते म्हणे. आत घेत नाहीत.”

हे सांगता सांगता त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. ही हकिकत पुढं माझ्या कानावर आली; बाकी सगळं मी त्याला माफ करीन, ते घड्याळ बघणं मात्र नाही.

घाई होती हे खरं. संध्याकाळी तालमीत बैठक होती. टाकी अभिनंदनकडं ठेवायची की काढून घ्यायची, याचा निकाल तिथं लागणार होता. सुबराव तालमीचे अध्यक्ष. आणि सुबराव कुणाचं ऐकत असतील तर ते एका हिंदुराव वस्तादांचं, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“तुम्ही आलासा तर विषयच संपला,” अभिनंदन म्हणाला. “एवढंच बोला, की शिकवण्यात खोट नव्हती. चूक आईची.”

“म्हंजे तुझी टाकी ऱ्हाती.”

“राहते.”

“आन् तिला दार बंद, त्ये माझ्या सहीशिक्क्यानं.”

“तो त्यांच्या घरचा मामला आहे, वस्ताद. आपण कशाला त्यात पडायचं?”

वस्तादांनी ईश्वरीला छातीशी धरलं आणि ते एकेक पायरी चढून वर आले. वय झालं होतं. दर पायरीला थांबत होते. अभिनंदन हात द्यायला पुढं झाला नाही, तो अजून आपल्याच बोलण्यात होता.

या विहिरीची एक रीत होती. ज्यानं पोराला पाण्यात नेलं, त्यानंच वर आल्यावर त्याला ऊन पाण्यानं धुवायचं, त्यानंच पुसायचं, आणि आईच्या मांडीवर द्यायचं ते कोरडं करून. दुसऱ्या कुणी मधे हात घालायचा नाही. अभिनंदनलाही लहानपणी वस्तादांनी असंच खसाखसा पुसलं होतं, कानामागं, बगलेत, सगळीकडं. टाकी सुरू केली तेव्हा त्यानं पहिल्याच आठवड्यात ही रीत मोडली. कोच काय पोरं धूत बसतो? धडा संपला की ओलं पोर काठावर आईच्या हातात द्यायचं आणि पुढच्या तुकडीला पाण्यात घ्यायचं. वस्तादांच्या कानावर ते आलं होतं. तेव्हा ते काही बोलले नव्हते. बोलायला हवं होतं, असं मला वाटतं.

वर उंबराच्या झाडाखाली तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचा हंडा तापत होता. शेजारी तांब्याचं घंगाळ आणि गार पाण्याची बादली. नातसून चूल पेटवून वैरणीला गेली होती.

“धर,” वस्ताद म्हणाले आणि त्यांनी ईश्वरीला अभिनंदनच्या हातात दिलं. “आज तू धू हिला.”

“वस्ताद, मी काय परीक्षा द्यायला आलोय?”

“माझं हात भरून आल्यात. धू म्हटलं तर धू की, मर्दा.”

अभिनंदन हसला. मग पोरीला खांद्याशी धरून त्यानं बूट काढले आणि घंगाळापुढं उकिडवा बसला. वस्ताद शेजारी पाटावर टेकले.

सांगायचं तर त्याला येत होतं सगळं. नुसतं येत नव्हतं, तोंडपाठ होतं.

“आधी गार पाणी ओतायचं, मग ऊन,” हात चालवता चालवता तो बोलू लागला. टाकीवर आयांना सांगायचा त्याच आवाजात. “उलटं करायचं नाही. पाणी चार बोटांवर नको. कोपर बुडवून बघायचं, हाताच्या तळव्याचा भरवसा धरायचा नाही. डावा हात मानेखालनं घ्यायचा, पलीकडची बगल पकडायची. पोर कितीही वळवळलं तरी सुटत नाही.”

हंडा लांब पडत होता. लागलं तर पाणी घ्यायला बरं, म्हणून त्यानं पोरीला क्षणभर वस्तादांच्या मांडीवर टेकवलं, फडक्यानं धरून तो चुलीवरून उतरवून घंगाळाजवळ ओढला आणि तिला परत घेतलं.

त्यानं साध्या पाण्यात मऊ फडकं भिजवून आधी डोळे पुसले, आतल्या कोपऱ्यापासून बाहेर. कानात पाणी जाऊ दिलं नाही. मानेच्या वळ्या उकलून धुतल्या, बगला धुतल्या, जांघा, गुडघ्यामागची खाच. तोंडावर तांब्या ओतला नाही, ओंजळीनं हळूच पाणी सोडलं. ईश्वरी त्याच्याकडं बघून बोळकं पसरून हसली.

“बघा. चुकलं काही?”

“न्हाई,” वस्ताद म्हणाले.

“त्या बाईला एवढंसुद्धा जमलं नाही.”

वस्तादांनी विहिरीकडं तोंड फिरवलं.

अभिनंदननं पाठीमागं हात केला. हाताला काही लागलं नाही. त्यानं मान वळवून बघितलं. टॉवेल विहिरीच्या पलीकडं, मोटारीच्या खोपटापाशी तारेवर वाळत होता. तो मुद्दाम तिथं ठेवला होता की रोज तिथंच असायचा, ते मी कधी विचारलं नाही.

“वस्ताद, तेवढा टॉवेल द्या.”

वस्ताद विहिरीच्या पाण्याकडं बघत होते.

“वस्ताद... टॉवेल.”

काही नाही.

“अहो वस्ताद! पोर ओलं आहे!”

उसाच्या फडातून गार वारा आला. थंडीचे दिवस होते, दुपार कलली होती. ईश्वरीच्या अंगावर काटा उभा राहिला. आधी तिनं ओठ काढले, मग ती रडायला लागली.

“वहिनी! कोण आहे का तिकडं? जरा टॉवेल आणा!”

कुणी नव्हतं. वस्ताद पाटावर बसून होते. हात लांब केला असता तर अभिनंदनच्या खांद्याला लागला असता, एवढे जवळ.

त्याचं डोकं फिरलं. म्हातारा बहिरा झालाय की खेळ करतोय? ईश्वरी थडथडा कापत होती. अंतर ते काय होतं! वळसा घालून गेलं आणि आलं. घंगाळात पाणी जेमतेम चार बोटं. बुडणार कशी? पळत जायचं आणि पळत यायचं...

त्यानं तिला घंगाळाच्या कडेला टेकवून बसवलं, हात सोडला आणि तो उठायला गेला.

ईश्वरी कलंडली. सावरायला तिला काहीतरी धरायचं होतं. समोर हंड्याची कड होती. आत वाफ निघत होती, आणि हंडा त्यानंच जवळ ओढला होता.

तिचे हात हंड्याला लागले नाहीत. मधे वस्तादांचा हात होता. एका हातानं त्यांनी पोरीला छातीखालून उचललं होतं आणि दुसऱ्या हाताची पालथी बाजू तापलेल्या पितळेला टेकली होती. ते कधी हलले, अभिनंदनला कळलंच नाही.

तो तसाच अर्धवट उठलेला राहिला. मग मटकन खाली बसला.

वस्तादांनी डोक्याचा पटका सोडला, त्याची दुहेरी घडी केली आणि ईश्वरीला त्यात गुंडाळलं. हाताचा पालथा भाग लाल झाला होता. त्याकडं त्यांनी बघितलं नाही. पोरीचं रडं हळूहळू हुंदक्यांवर आलं.

“तुम्हाला ऐकू येत होतं,” अभिनंदन म्हणाला.

“यीत हुतं.”

“मी एवढ्या हाका मारल्या. तुम्ही इथं बसून होता. उठला का नाही?”

वस्तादांनी त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं.

“तुला आली हुती का रं, तिची हाक?”

घंगाळातलं पाणी अजून हलत होतं.

“आली हुती,” तो म्हणाला. शहरातली भाषा कुठल्या कुठं गेली. “चॅनेलवाला आला हुता, वस्ताद. शूटिंग चाललं हुतं. मी काठावर हुतो, बोलत हुतो. मला वाटलं, बायका हाईत तिथं, कोण तरी दील.”

“एकदाच आली?”

“न्हाई...”

“आन् त्या बायकांना काय वाटलं आसंल?”

“...मी हाय म्हणून.”

वस्ताद पोरीला पुसत होते. खसाखसा नाही, टिपून टिपून. मानेच्या वळीत पटक्याचा शेव घालून तिथलं पाणी टिपलं, मग कानामागचं.

“सुबरावला सांगितलंस ह्ये?”

“न्हाई.”

“तिच्या नवऱ्याला?”

“कुणालाच न्हाई. तिनं सांगितलं, तर कुणी ऐकलं न्हाई. सगळी मला इचारायला आली. मी म्हटलं, गलका असतोय, कसं ऐकू येणार. ती माझ्याकडं बघत हुती तवा. बोलली न्हाई काय.”

त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते खोटं नव्हतं, हे मी मान्य करतो. कडू वाटतं ते एवढ्याचसाठी, की ज्या माणसाला खरोखर रडू आलं होतं, त्यालाच पुढचा प्रश्न सुचला.

“संध्याकाळी ह्ये मी सगळ्यांच्या म्होरं बोललो,” त्यानं नाक पुसत विचारलं, “तर उद्यापासनं माझ्याकडं पोर घिऊन कोण येणार, वस्ताद?”

वस्तादांनी ईश्वरीचा एक पाय पटक्यातून बाहेर काढला. तळवा टिपला, मग एकेक बोट वेगळं करून मधली फट टिपली. घाई केली नाही.

“आन् तिचं पोर तिच्याकडं कोण घिऊन जाणार?”