तृणसोम ऋषींच्या ओंजळीतले पाणी

कृतयुग सरत आले होते, त्रेतायुगाची चाहूल अजून अरण्यापर्यंत पोहोचली नव्हती, आणि ऋषिमुनींचा राग व ऋषिमुनींचे तप ही दोन्ही सारख्याच तेजाने तळपत होती, त्या काळची ही कथा. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, जिथे शैवला नावाची नदी वेताच्या बेटांतून वाट काढीत खाली उतरते, तिथे तृणसोम नामक महातपस्व्याचा आश्रम होता. औदुंबर, बकुळ आणि नागचाफा यांनी वेढलेला, सामगायनाने पहाटेस जागा होणारा आणि होमधूमाने सायंकाळी सुगंधित होणारा तो आश्रम पाहून प्रत्यक्ष देवांनाही चार दिवस राहावेसे वाटे. पण राहत नसत. कारण तृणसोमांचा कोप! त्यांनी एका मेघाला नुसता वेळेवर न आल्याबद्दल शापिले होते, असे म्हणतात. विद्वान माणूस, पण नाकावर राग. श्रोतेहो, असली माणसे तुमच्याही घरात असतील, मी काय सांगावे!

या ऋषींना सुवेणा नावाची पत्नी आणि दोन पुत्र होते. थोरला दृढसोम, शिष्यांना वेद पढवणारा, चालतानासुद्धा नियम मोजून पाऊल टाकणारा. त्याची पत्नी केतकी. हसरी आणि जिभेची तिखट. धाकटा चारुसोम. त्याचा कंठ असा की तो साम गाऊ लागला म्हणजे हरिणी तोंडातला घास विसरत. बापाचा त्याच्यावर जीव होता. तसे ते कधी बोलून दाखवीत नसत, एवढेच.

आता या चारुसोमाची गोष्ट अशी की, त्याला लुगडे नेसावेसे वाटे. लहानपणी आईच्या पदरात गुंडाळून घेई तेव्हा सगळे हसत. मिसरूड फुटल्यावर हसणारे उरले नाहीत, म्हणून तो वेताच्या बेटात लपून नेसू लागला. हिरवे लुगडे, हातभर काकणे, केसांत बकुळीचा गजरा. कुणाला सांगायचे नाही, कुणाला दाखवायचे नाही. पाण्याकाठी बसून गायचे आणि परत यायचे. आईला हे ठाऊक होते. धुतलेले लुगडे ती मुद्दाम त्याच बाजूच्या वेलीवर वाळत घाली. वहिनीने एकदा पाहिले, आणि ती ओरडली नाही की पळाली नाही. "भावोजी, निऱ्या उलट्या घेतल्यात. अशाने अडखळून पडाल नदीत!" असे म्हणून तिने त्या नीट करून दिल्या. ठाऊक नव्हते ते फक्त बापाला आणि भावाला.

शैवला नदीचा वार्षिक उत्सव आला. त्या आश्रमाची रीत अशी होती की, उत्सवाच्या पहाटे नदीचे जल एका ताम्रकलशात भरून ते दानासाठी अभिमंत्रित करायचे, आणि मध्यान्हापर्यंत जो याचक येईल त्याच्यासमोर त्या कलशातले उदक सोडून त्याला दान द्यायचे. त्यानंतर पंक्ती बसायच्या. त्या सकाळी दर्भ कापायला वेताच्या बेटात गेलेल्या दृढसोमाने आपल्या भावाला पाहिले, आणि तो दर्भ तिथेच टाकून धावत आला. भर मंडपात, अतिथींच्या देखत, त्याने बापाला सारे सांगितले. "तात, माझे शिष्य उद्या माझ्या तोंडावर हसतील! आपल्या कुळाला हे काय लागले?"

तृणसोम गर्जले, "बोलवा त्याला!"

केतकी धोतर घेऊन धापा टाकीत नदीकाठी गेली. "भावोजी, हे गुंडाळा आणि चला. मामंजी संतापलेत." चारुसोमाने धोतराकडे पाहिले आणि मान हलवली. "वहिनी, लपून नेसलो तोवर मलाच ते पाप वाटत राहिले. आज असाच येतो. घर राहिले तर राहिले." आणि तो तसाच निघाला. हिरव्या लुगड्यात, काकणे वाजवीत, मंडपाच्या मधोमध येऊन त्याने बापाला वाकून नमस्कार केला.

"कुलांगारा!" तृणसोमांची जटा थरथरू लागली, नेत्रांतून ठिणग्या उडू लागल्या, वृक्षांवरचे पक्षी जिथल्या तिथे गप्प झाले. "ज्या कंठाने साम गातोस, त्या कंठाला हे सोंग शोभते? ऐका रे दिशांनो, ऐक हे अग्ने! हा आजपासून..." आणि रागाच्या भरात त्यांनी हाताशी जे पात्र आले त्यात ओंजळ बुडवून पाणी उचलले.

शाप तोंडाशी आला. पण ओंजळीतले पाणी काही खाली पडेना. बोटे सैल केली, हात झटकला, हात उलटा केला, तरी पाणी तळव्याला धरून राहिले. ऋषींच्या साऱ्या आयुष्यात असे कधी घडले नव्हते. इतक्यात ताम्रकलशातून शेवाळी प्रभा फाकली आणि शुभ्र तुषारांची मेखला ल्यालेली, मीननेत्रा, पद्महस्ता शैवलादेवी वर प्रकट झाली. सगळे हात जोडून उभे राहिले. ऋषींना मात्र हात जोडता येईनात.

"ऋषे," देवी म्हणाली, "कमंडलू तुझ्या डाव्या हाताला होता. तू घेतलेस ते माझे उदक. यातला थेंबन् थेंब दानासाठी, असे पहाटे तूच मंत्रून ठेवलेस ना? मग आता दान दिल्यावाचून हात रिकामा व्हायचा नाही. समोर उभा आहे तो याचक. विचार त्याला, काय हवे?"

तृणसोमांचा चेहरा पडला. ते पुत्राकडे न पाहताच म्हणाले, "धेनू माग. सुवर्ण माग. हवे तेवढे घे आणि दूर देशी जा."

"तात, धेनू घेऊन एकटा कुठे जेवू?" चारुसोम म्हणाला. "मला आपल्या पंक्तीत पाट हवा. तुमच्या शेजारी, याच वस्त्रात. एवढेच द्या."

 ऋषी 'दिला' म्हणेनात, पाणी सुटेना. ऊन चढू लागले, पात्रातला भात निवू लागला. भूक ऋषींनाही लागते, पण घास घ्यायला हात मोकळा कुठे होता? तेव्हा सुवेणा पुढे आली. आजवर ती 'स्वामी' म्हणत आली होती, त्या दिवशी सरळ म्हणाली, "अहो, ऐका. दर पौर्णिमेला माझ्या याच पदराची गाठ तुमच्या उपरण्याला मारून तुम्ही होमाला बसता. तेव्हा हे लुगडे पवित्र असते. मग माझ्याच लेकराच्या अंगावर ते विटाळते कसे?"

शास्त्रार्थात ज्यांना कुणी हरवले नव्हते ते तृणसोम आज हरले. त्यांनी प्रथमच मान वर करून मुलाकडे नीट पाहिले. "हे कधीपासून, चारू?"

"आठवते तेव्हापासून, तात. हे नेसले की अंग उसने वाटत नाही."

"मग मला का नाही सांगितलेस?"

"तुमची भीती वाटली."

हे ऐकले मात्र, आणि त्या वृद्ध तपस्व्याचा बांध फुटला. साऱ्या त्रिभुवनाला धाक घालण्यात भूषण मानले, आणि पोटचे पोर वेतात लपून गात राहिले! ते भर मंडपात रडले. रडतच म्हणाले, "दिला. माझ्या शेजारचा पाट, तुला हवा त्या वेषात, मी जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतरही, मी दिला." ओंजळीतले पाणी खळकन भूमीवर पडले. देवी हसली आणि म्हणाली, "ज्या घरात हे दान चालू राहील, त्या घरच्या विहिरीला मी आटू देणार नाही."

बापाच्या उजव्या हाताचा पाट आजवर दृढसोमाचा होता. तो तिथेच घुटमळला. "शिष्यांना सांगू तरी काय?" केतकी म्हणाली, "सांगा, माझा भाऊ जेवायला बसलाय. आणि सरका आता, भात पार निवला." दृढसोम लाजला, खजील झाला, पण सरकला, आणि भावाच्या भातावर पहिले तूप त्यानेच वाढले. तृणसोम मात्र जेवणाआधी आचमायचे आपोशनाचे पाणी हातात घेईनात. चारुसोम पाटावर नीट बसेपर्यंत ते थांबले, आणि पुढे हयातभर रोज असेच थांबत राहिले.

त्या खोऱ्यात अजूनही, पंगत बसली की आपोशन घेण्याआधी घरचा कर्ता पुरुष विचारतो, "चारू बसला का?" घरात त्या नावाचे कुणी नसले तरी विचारतो. आणि आतून कुणीतरी उत्तर देतेच, "बसला, बसला. आता जेवा."