खार आणि टमाट्याचा करपा

रान संपून पडकी विहीर लागते ना, तिथल्या कडुलिंबाच्या ढोलीत एक खार राहत असे. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. एक दाणा खाताना चार फांद्या बदलायची. त्या साली तिनं झाडाखाली टमाट्याची पाच रोपं लावली होती. जवळ होतं नव्हतं तेवढं बी त्यातच संपलं. म्हणजे बघा मुलांनो, ही पाच गेली की पुढच्या साली पेरायला एक बी उरणार नव्हतं.

रोपं फुलावर आली आणि पहिल्या रोपाच्या अगदी खालच्या पानावर तपकिरी ठिपका दिसला. ठिपक्यात वर्तुळं, भोवती पिवळी कड. करपाच तो, पानं जाळत जाणारा रोग. खारीनं ते पान चोळून पाहिलं, शेपटीनं झाडलं, आणि तशीच धावली दुसऱ्या रोपाकडं, तिसऱ्याकडं, चौथ्याकडं. पान न् पान उलटं करून ठिपका शोधला. पाचवं रोप तांबड्या मुंग्यांच्या वारुळाला लागून होतं. मागे एकदा मुंग्यांनी तिला अशी फोडून काढली होती की त्या रोपाकडं ती लांबूनच मान उंच करून बघायची.

तेव्हापासून तिला चैन पडेना. फटफटलं की खाली उतरायची आणि दवानं निथळणारी पानं पुसत सुटायची. दिवस कलला की करवंटीनं पाणी आणून रोपांना डोक्यावरून अंघोळ. साळुंकी म्हणाली राख फास, हिनं फासली. होला पक्षी म्हणाला राख वाईट, हिनं धुऊन काढली. पण ती जितकी धावे तितका करपा पुढं सरके. आठवड्याभरात पहिल्या रोपानं मान टाकली, दुसरं पिवळं पडलं, तिसऱ्या-चौथ्यावर ठिपके उठले.

विहिरीकाठी ओल्या दगडाखाली एक म्हातारा बेडूक असे. दिवसभर अर्धे डोळे मिटून बसायचा आणि तोंडाशी येईल ती माशी खायचा. त्याला पाहून खारीचा तिळपापड झाला. इथं माझं बी बुडायला आलंय आणि आजोबांना जागचं हलवत नाही, असं ती चांगलं त्याला ऐकू जाईलसं बोलली.

"बसलोय म्हणूनच दिसतंय मला," बेडूक म्हणाला. "चौघांची तू रोज सेवा करतेस, ती चारी आजारी. पाचव्याला बोट लावत नाहीस, ते हिरवंगार. बाई, करप्याला पाय नसतात. तो तुझ्या ओल्या शेपटीवर बसून घरोघर फिरतोय."

त्या रोपाची मुंग्या राखण करत असतील, असं खार पुटपुटली.

"करतात तर. तुझ्यापासून."

मग खारीनं हळूच विचारलं, आता काय करू? बेडकानं सांगितलं: पहिली दोन उपटून लांब नेऊन पूर. उरलेल्यांची ठिपक्यांची पानं तेवढी खूड, तीही दव वाळल्यावर, आणि एका रोपाचं झालं की पंजे धुऊनच दुसऱ्याला शिव. बुडाशी वाळकं गवत अंथर, पाणी सकाळी मुळाशी घाल.

"आणि मग?"

"मग बसायचं."

दुसऱ्या रोपावर अजून चार फुलं होती. ते उपटणं जड गेलं, तरी तिनं उपटलं. बसणं त्याहून जड गेलं. तिसरं रोप नाहीच वाचलं. चौथ्याला मात्र शेंड्याशी नवं पान फुटलं, आणि एका सकाळी खारीला फांदीवरून त्या पानावर डाग दिसला. ती सरसर निम्मं खोड उतरली. पानं दवानं ओली होती. ती थांबली, परत वर गेली, शेपटी पोटाखाली दाबून बसली, उठली, पुन्हा बसली. ऊन चढून पानं वाळली तेव्हा कुठं खाली आली. पाहते तर साळुंकीची शीट.

पुढं दोन्ही रोपांना टमाटे लागले. पाचव्या रोपाचा पहिला लालबुंद टमाटा पिकून वारुळापासून लांब घरंगळला, पण खारीनं तो खाल्ला नाही. त्याचं बी काढून, सावलीत वाळवून, ढोलीत जपून ठेवलं.

तात्पर्य : माया असावी, पण तिला धीर हवा, उतावळ्या सेवेनं दुखणं बरं होत नाही, पसरतं.