तानू जिनगराचा अर्धा पडदा

गावात छापखाना नव्हता, विजेचा खांब नव्हता आणि जत्रेची बातमी बैलगाडीवरून हलगी वाजवत फिरायची, तेव्हाची ही गोष्ट. किती जुनी ते विचारू नका. सांगणारे सांगत आले, मीही सांगतो.

नदीच्या अलीकडे आंबेघाट, पलीकडे शिरवाडी. जोखाई देवी दोघांची. चैत्रात तिची पालखी निघायची. पुढची दांडी आंबेघाटच्या खांद्यावर, मागची शिरवाडीच्या. हा मान कुणी ठरवला कुणास ठाऊक, पण तो मोडून पालखी उचलायची नाही, एवढं पक्कं होतं.

एका साली पुढचे जरा जोरात चालले. मागचा एक जण ठेचकाळला, पालखी कलली. "मुद्दाम केलंत!" "तुम्हालाच चालता येत नाही!" झालं. शिरवाडीकर तडक पाण्यातून परत गेले ते गेलेच. येणंजाणं बंद, सोयरिकी बंद. पालखी देवळात पडून राहिली, तिच्यावर कबुतरं बसायला लागली. माणसं हट्टाला पेटली की देवीचंही ऐकत नाहीत.

आंबेघाटात तानू जिनगर राहायचा. एकटा जीव. त्याची एकुलती एक बहीण सुंद्रा शिरवाडीला दिलेली. भांडण गावांचं, पण माहेर तुटलं तिचं. वर्षांमागून वर्षं गेली आणि तानूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. त्याला एकच घोर लागून राहिला, की दिसतंय तोवर सुंद्रा दिसावी.

तानू जत्रेचा पडदा रंगवायचा. तुम्ही आता पोस्टर म्हणता, तेच. मांजरपाटाचं जाडं कापड ताणायचं, त्यावर चिंचोक्याची खळ आणि खडू चढवायचा, वाळला की कोळशानं आखायचं आणि मग रंग भरायचे. त्याची एक खोड होती. डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो कुणाचा चेहरा काढत नसे. असं म्हणतात, त्यानं काढलेल्या गाईला बघून वासरू हंबरायचं. वासराचं मला माहीत नाही. पण माणसं पडद्यावर स्वतःला शोधायला यायची, हे खरं.

एका चैत्राच्या तोंडावर रावजी पाटील त्याच्याकडे आले. म्हणाले, "तानू, जत्रेला कुत्रं फिरकत नाही. यंदा असा पडदा कर, की दहा गावं लोटली पाहिजेत."

तानूनं कोळशानं आधी पाळणे आखले. पुसले. मग पैलवान आखले, तेही पुसले. पाळणे आणि पैलवान कुठल्या जत्रेत नसतात? शेवटी त्यानं पालखी आखली. पुढची दांडी धरणारे आंबेघाटकर रंगवले, मिशांसकट, घामासकट. आभाळाला नीळ, पायांखाली गुलाल. मागच्या दांडीला मात्र कोळशाच्या नुसत्या आकृत्या ठेवल्या. शेजारी आरती घेतलेली एक बाई, तीही तशीच. आत कोरं कापड.

पाटील बघतच राहिले. "अरे, ही माणसं कुठायत?"

"त्यांना बघून जमाना झाला, पाटील. आता कशी दिसतात, मला काय ठाऊक? येतील तेव्हा रंगवीन."

"आणि नाही आली तर?"

"तर राहील तसंच."

पाटलांनी कपाळाला हात लावला. पण जत्रा उद्यावर आली होती. पडदा घाटावर टांगला, तोंड नदीकडे करून. असं म्हणतात, टांगल्यावर तो हात हात वाढत गेला आणि शिरवाडीच्या ओट्यांवरून सुद्धा स्पष्ट दिसायला लागला.

तिकडे एकच गहजब झाला. बिनतोंडाचं चित्र म्हणजे मेलेल्या माणसाचं, असा आमच्याकडचा समज. "आमची तोंडं पुसली! जिवंतपणी मारलं आम्हाला!" जत्रेच्या सकाळी सगळी शिरवाडी काठ्या घेऊन निघाली. बाया मागून, नवऱ्यांना आवरायला. असं म्हणतात, नदी त्या दिवशी घोट्याएवढी झाली.

तानू घाटावर रंगाच्या वाट्या मांडून बसला होता.

"काय रे जिनगरा, आम्ही मेलो का?"

"नाही ना? मग उभे राहा सरळ. चेहरे भरतो."

आता यावर काठी कशी उगारायची? माणसं उभी राहिली. तानूनं डोळे बारीक केले आणि मान हलवली. "असं नाही. दांडीखाली खांदा कसा दबतो, ते बघितल्याशिवाय काढू कसं?"

देवळातून पालखी घाटावर आणली, झटकली. शिरवाडीकरांनी मागून खांदा दिला. पुढून कुणी उचलेना तर ती कलायला लागली, म्हणून आंबेघाटकर धावले. "हलू नका," म्हणत तानू रंगवत राहिला. खांदे भरून आले. तेवढ्यात हलगीवाल्याला राहवेना. पावलं आधी कुणाची हलली, यावर दोन्ही गावांत अजून वाद आहे. पालखी निघाली. तानू मागून ओरडतोय, "अरे, मिशी राहिली!" ऐकतो कोण!

घाटावर सुंद्रा तेवढी उरली. तानू तिच्या अगदी जवळ गेला, तेव्हा कुठं दिसली.

"पांढरी झालीस की गं, सुंद्रे."

"आणि तू काय तरुण राहिलास, दादा?"

दोघं रडली, पोटभर रडली. मग त्यानं आरतीवाल्या बाईच्या आकृतीत तिला रंगवलं, पांढऱ्या बटेसकट. सुंद्रानं पडदा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "यात तू कुठायस?"

"मी मला कुठं बघितलंय?"

तिनं कोळसा उचलला आणि स्वतःच्या चित्राशेजारी एक माणूस आखला. वेडावाकडा. तानू कापडाला नाक लावून म्हणाला, "एक हात लांब झालाय."

"असू दे. नदीपार पोचेल."

असं म्हणतात, त्या संध्याकाळपासून तानू आंधळा झाला. पुन्हा कधी कुंचला धरला नाही, आणि त्याची हळहळही केली नाही.

आता पोस्टर तालुक्याहून छापून येतं. पण मागच्या दांडीची माणसं कोरी ठेवूनच. ती घाटावर, शिरवाडीकर आल्यावर हातानं रंगवतात, त्याशिवाय पालखी उचलत नाहीत. आणि आंबेघाटची जी लेक शिरवाडीला दिलेली असेल, ती कोळशानं आरतीवाल्या बाईशेजारी एक माणूस आखते, एक हात लांब. त्याच्यात रंग कुणी भरत नाही.

शिरवाडीची पोरं दरसाल विचारतात, हा कोण? आया सांगतात, "तो आपला तानूमामा."