हाकेचा कडा

पाव्हणे, हा समोरचा काळा कडा दिसतो ना, त्याच्याकडे तोंड करून कुणाचंही नाव घ्या. दुसरे कडे तुमचाच शब्द तुम्हाला परत देतात. हा देत नाही. हा नुसती 'ओ' देतो. आणि त्याच्या पायथ्याची ही कुडेवाडी. इथे तिन्हीसांजेला कुणाच्याही दारात हाक मारा, 'कोण?' म्हणून कुणी विचारायचं नाही. आधी ओ, मग नाव. बाकीच्या मुलखात दिवस मावळला की पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. चकवा असतो म्हणतात. इथे उलटं आहे. ते का, ते असं सांगतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा हा कडा मुका होता म्हणे. कितीही ओरडा, सगळं गिळायचा.

वाडीत धावजी आणि बुधा असे दोघे भाऊ राहत. कड्यावरची आग्या मोहोळं काढायची हे त्यांचं काम. थोरला धावजी दोराला लोंबकळायचा, धाकटा बुधा वर दोर धरून बसायचा. वरचा खालच्याला दिसत नाही. म्हणून खालच्यानं हाक द्यायची, वरच्यानं ओ द्यायची, आणि ओ आली की मगच आणखी खाली सुटायचं. या कामात ओ म्हणजे जीव. धावजीचा आवाज तर असा, की नाळेत, कड्यातल्या उतरणीच्या घळीत, धुकं दाटलं की वाटसरू त्याच्या हाकेच्या धाग्यानं कडा उतरून यायचे. त्या आवाजाचा त्याला अभिमान होता. असणारच.

एके दिवशी धावजीनं खालून हाक दिली आणि वरून ओ आली नाही. पुन्हा दिली. नाही. पायाखाली पोकळी, अंगावर माश्या, आणि वर सगळं गप्प. कसाबसा तो दोरावरून चढत वर आला. बुधा दोर धरून बसलेला. माश्या डसून त्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. ओठ उघडले असते तर माश्या घशात गेल्या असत्या, म्हणून त्यानं दात आवळून दोर तेवढा धरून ठेवला होता. हाताची सालं निघाली होती. पण रागावलेल्या माणसाला सुजलेलं तोंडही हसरं दिसतं. धावजी तसाच कड्याच्या देवीच्या, कडजाईच्या ठाण्यापाशी गेला आणि चार माणसांदेखत बोलून बसला, "आजपास्नं ह्याच्या हाकेला म्या ओ देणार न्हाई. दिली तर आई, माझा आवाज घे."

बोलून गेला, आणि झोप गेली. दोर खुंटीला टांगला तो टांगलाच. धावजी अंगणात बसला तर उठावंसं वाटे, उठला तर कुठे जावं कळेना. समोरच बुधाचं घर. त्याच्या खोकल्याचा आवाज आला तरी धावजीचे ओठ हलायचे, सवयीनं. मग तो दातांनी ओठ चावायचा.

असा पावसाळा सरत आला. बुधा सासऱ्याला भेटायला वरच्या गावी गेला होता. तो परत निघाला त्या दिवशी, उन्हं कलताना, धुकं असं उतरलं की आपलाच हात आपल्याला दिसेना. आणि मग वरून, कड्याच्या पोटातल्या अरुंद वाटेवरून, बारीकशी हाक आली.

"कुणी हाय का रंऽऽ?"

वाडीतली दारं धडाधड लागली. "चकवा हाय, चकवा! ओ देऊ नगा कुणी."

धावजीनं आवाज ओळखला. तो उठला, दाराशी गेला, मागे आला, पुन्हा दाराशी गेला. वर चढून जायचं तर अर्ध्या वाटेतच काळोख पडला असता. आणि इथून वरपर्यंत पोचेल असा आवाज वाडीत एकच होता. समोरच्या दारात बुधाची बायको येसू उभी होती. ती काही मागत नव्हती, रडतही नव्हती. नुसती बघत होती.

धावजीची बायको ठमा म्हणाली, "आवं, भावजी हायेत ते."

"ठावं हाय."

"मग द्या की ओ! त्यांनी तुमचं नाव कुठं घेतलंय? कुणी हाय का, आसंच म्हनत्यात. शपथ कुठं मोडती?"

धावजी थांबला. खरंच, बुधानं 'दादा' म्हटलं नव्हतं. मरणाच्या कडेवर उभा राहूनही त्यानं ते नाव गिळलं होतं, का, तर दादाच्या अंगावर शपथ येऊ नये. हे आता धावजीच्या ध्यानात आलं.

"देवीला फशिवू व्हय? तिला काय कान न्हाईत?"

ठमानं काशाची थाळी घेतली, अंगणात जाऊन बडव बडव बडवली. धुक्यानं तिचा आवाज पिऊन टाकला. वर एक दगड सुटला, घरंगळत गेला, आणि बराच वेळ गेला तरी तळाशी आपटल्याचं ऐकू येईना. मग पुन्हा हाक. आता तिच्यात दम नव्हता.

धावजी धावतच कडजाईच्या ठाण्याशी गेला. हात जोडले नाहीत. नुसता म्हणाला, "आई, रागात तुला साक्षीला वढली, ही माझी चूक. शपथ मोडतोय. आडून न्हाई, तुझ्या म्होरं. घ्यायचं ते घे."

आणि कड्याकडे वळून त्यानं ओ दिली.

असं सांगतात, की त्या ओनं दारांच्या कड्या हलल्या. वरून हाक आली, खालून ओ गेली. हाक आली, ओ गेली. धुक्यात दोर सोडावा तसा तो आवाज सोडत होता आणि बुधा तो धरून पाऊल पाऊल उतरत होता. शेवटी अंधारातून दोन हात आले आणि धावजीच्या पायाला लागले.

धावजीला म्हणायचं होतं, "आलास?" तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

कुणी म्हणतं घसा फाटला, कुणी म्हणतं देवीनं घेतला. सांगणारे दोन्ही सांगतात.

बुधाला मात्र चैन पडेना. सकाळी तो कड्यासमोर उभा राहिला आणि देवीशीच भांडायला लागला, "माझ्यापायी त्याचा आवाज घेतलास! दादाला काय उरलं? दादाऽऽ!"

आणि मुक्या कड्यातून उत्तर आलं. "ओऽऽ." आवाज धावजीचा. देवीनं घेतला खरा, पण स्वतःपाशी ठेवला नव्हता.

मग बुधानं काय केलं म्हणाल, तर खुंटीवरचा दोर काढला आणि धावजीच्या हातात दिला. "आता म्या लोंबकळतो. तू धर."

धावजीनं मान हलवली, घशाला हात लावून दाखवला. दोर धरणारा मुका, तर खालच्यानं कशाच्या भरवशावर सुटायचं?

बुधा हसला म्हणे. "त्या दिशी माझी ओ आली न्हाई, तरी दोर माझ्या हातात व्हता ना? आता तुझ्या हातात हाय. बास."

असं म्हणून तो कड्यावरून सुटला. खाली गेल्यावर जुन्या सवयीनं त्याच्या तोंडून हाक गेलीच. वर धावजी ओठ हलवीत दोर घट्ट धरून बसला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पायाखालून कडा त्याच्याच आवाजात ओ देत होता.

आजही कुडेवाडीत मोहोळ काढायला जातात तेव्हा दोर धरणारा तोंडातून शब्द काढत नाही. ओ कड्यानं द्यायची. आजही इथे कुणी कुणाची शपथ रागात घेत नाही. तोंडाशी आली तर आधी पाणी पितात. आणि धुक्याच्या दिवसांत, जेवणाचं ताट पुढे असलं तरी, वरून हाक आली की सगळी वाडी दारात येऊन ओ देते. हाक शत्रूची असो, चोराची असो, नाहीतर खरोखर चकव्याची. ते नंतर बघता येतं.

द्या पाव्हणे, तुम्हीही एक हाक द्या. नाव सांगायची गरज नाही.