महापौरांची सोनेरी नळी

"नव्या ऑर्गनची सगळ्यात मोठी नळी माझ्या नावाची! सोन्याचा मुलामा देऊन! आणि वर्षभरात ती एकदा जरी बेसूर झाली, तर बापलेकीनं गाठोडं बांधायचं अन् शहराबाहेर व्हायचं!"

महापौर डेटलेफसाहेबांनी असा हुकूम सोडला. उत्तर जर्मनीतल्या त्या बंदरात खारवलेले मासे विकून ते गबर झाले होते. सुरांशी त्यांची ओळख नव्हती, पण हौस दांडगी!

चर्चसाठी भात्याच्या हवेवर वाजणारा, उंच नळ्यांचा ऑर्गन बांधणारे कोनराड घरी आले ते डोकं धरूनच. "गेझा, पोरी, थंडी-उन्हानं प्रत्येक नळीचा सूर हलतो गं! न हलणारी नळी मी आणू कुठून?"

गेझाला बापाची कीव आली आणि महापौरांचा भयंकर राग आला. ती विचार करत बसली, मग हसून बापाच्या कानाशी लागली.

चर्चमध्ये नळी झळकली. दर रविवारी महापौर पहिल्या बाकावर बसून मान डोलवायचे. "ऐकलात माझ्या नळीचा सूर?"

"अहाहा! मध आहे मध!" शेजारी बसलेले नगरसभेचे सभासद म्हणायचे. ऑर्गनचा भाता ओढणारी गेझा ओठ चावून हसू दाबायची.

वर्ष सरत आलं आणि महापौरांना हुक्की आली. "आज माझी नळी एकटीच वाजू दे!"

वादकानं पट्टी दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. मागे कुणीतरी शिंकलं, तेवढाच आवाज!

"हा काय चावटपणा?" महापौर गरजले. कोनराड पांढरेफटक पडले.

गेझा पुढे झाली. "साहेब, नळी मुकी आहे. हिला भात्याची हवाच जोडलेली नाही."

"मुकी? का?"

"बेसूर होऊ नये, हा तुमचाच हुकूम! सांगा, वर्षभरात एकदा तरी झाली?"

"ही अक्कल तुला शिकवली कुणी?"

"तुमच्या नगरसभेनं! तिथेही सोन्याच्या साखळ्या घालून मंडळी पुढेच बसतात. तोंड उघडत नाहीत, म्हणून कधी चुकत नाहीत. त्यांना कुठे तुम्ही शहराबाहेर काढलंत?"

महापौरांनी सभासदांकडे पाहिलं. एकजण तोंड उघडेल तर शपथ! साहेबांना असं हसू फुटलं की ते पोट धरून बाकावर कोसळले. ते हसले म्हटल्यावर सभासदही हसले.

शहरातल्या सगळ्या चर्चच्या ऑर्गनांचं काम महापौरांनी तिथल्या तिथे कोनराडना दिलं. मग स्वतःच्या गळ्यातली साखळी काढून गेझाच्या गळ्यात घातली.

"ही तुला! पण नगरसभेत तुझी वर्णी लागायची नाही हं, पोरी. तू बोलतेस!"