पाचवं रोप

फार जुनी गोष्ट नाही. गावाबाहेरच्या बोडक्या टेकडीवर एक खड्डा होता. दर पावसाळ्यात एका कंपनीची माणसं बसने यायची, त्यात रोप लावायची, फोटो काढायची आणि जेवायला पळायची.

यंदा करंजाचं रोप आलं. माणसांची पाठ वळताच ते खुशीत म्हणालं, "खड्डेदादा, बघा, मी केवढं मोठं होणार!"

"तू पाचवं," खड्डा म्हणाला. "आधीची चारही हेच म्हणाली होती."

"ती कुठे आहेत?"

"तुझ्याखाली. या लोकांना घाई फार. प्लास्टिकची पिशवी न फाडताच रोप पुरतात. मुळं आतल्या आत गुदमरतात."

रोपाने मुळं हलवून पाहिली; चहूकडून प्लास्टिकच लागलं.

तेवढ्यात कंपनीतल्या टिपणीसबाई विसरलेली टोपी न्यायला परत आल्या. मातीतून डोकावणारी काळी पिशवी त्यांना दिसली. त्यांनी रोप अलगद वर काढलं, पिशवी फाडली. खाली उकरलं तर आणखी चार पिशव्या निघाल्या, प्रत्येकीत वाळलेली मुळं.

बसच्या दारातून साहेब ओरडले, "अहो मॅडम, चला! फोटो झाला ना?"

"फोटो झाला, साहेब," हाताने माती लोटत बाई म्हणाल्या. "झाड लावायचं राहिलंय."